ताईबाई फितूर झाल्या

ते साल दोन हजार बावीस. करोनाची दोन वर्षं कशीबशी मागे टाकून माणसं पुन्हा एकमेकांच्या दारी जाऊ-येऊ लागली होती, कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले होते, आणि इंदापूरच्या अलीकडे, सडकेला लागून असलेल्या आपल्या मळ्यात ताईबाई डाळिंबं निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ कचरू फाटक ढकलून आत आला… आणि आल्या आल्या ओट्यासमोर उभा राहून ओरडला,

"आक्का! काय लिवून दिलंस तू कोर्टात?"

ताईबाईंच्या हातातलं डाळिंब तसंच राहिलं. लोणी भापकरहून दोन एस.ट्या बदलून आलेला भाऊ. दर खेपेला आधी हातपाय धुणार, मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडणार, मग 'च्या टाक गं' म्हणणार… आज त्याने पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"आरं, बस तरी. पाणी देते."

"पाणी न्हाय पिणार मी हितं! माझ्या पोरीचं लगीन झालंच न्हवतं म्हणून सही करून दिलीस तू! सात वर्सं नांदली ती तुझ्या घरी, तुझ्या लेकाची बायकू म्हणून… आन् तू, तिची सख्खी आत्या, तू लिवून देतीस की ती कुणीच न्हवती?"

"मी?" ताईबाई उठल्याच! "कोण म्हणतं? समाधाननं कागूद आणला, येगळं व्हायचा कागूद हाय म्हणला. त्यात मला एकच इचारलं वकिलानं, तुमी जुन्या रूढी सोडल्या का? मी म्हणलं, व्हय! छाती ठोकून सांगते, छप्पन सालापासून आमच्या घरानं समद्या रूढी सोडल्या! त्यात खोटं काय हाय?"

कचरूने कपाळावर हात मारून घेतला आणि तो ओट्याच्या कडेवर मटकन बसला.

"अगं खुळे… त्याच रूढीवर तर माझ्या पोरीचं लगीन उभं हाय!"

ताईबाईंनी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. काय ऐकलं ते उमजेना. एवढंच उमगलं, की आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलं आहे.

भाऊ बोलत गेला आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. ज्योत्स्ना ही कचरूची एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच वारली, तेव्हापासून सुट्टी लागली की पोर आत्याकडे. ताईबाईंच्या पदराला धरूनच ती मोठी झाली म्हणा ना! पुढे ताईबाईंच्या समाधानशी तिचं लग्न लागलं, ते लोणी भापकरच्या विहारात, दोन्ही घरांच्या आनंदाने. आत्याच्या मुलाला मामाची मुलगी… त्यांच्यात हे नवं नव्हतंच. पण कायद्याच्या पुस्तकात ही नाती फार जवळची. अशा दोघांचं लग्न लागलं तरी ते मुळातच लागलं नाही, शून्यवत आहे, असं कायदा म्हणतो. सुटका एकच… ज्यांच्यात पिढ्यान् पिढ्या तशी रूढी चालत आली आहे, त्यांचं लग्न खरं.

आणि ताईबाईंनी तर शपथेवर लिहून दिलं होतं, की आमच्यात कुठलीच रूढी उरलेली नाही!

त्यांना काय ठाऊक, की कोर्टाची रूढी वेगळी! रूढी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत त्यांचे वडील. धम्म घेऊन गावी परतल्यावर त्यांनी घरातले सगळे टाक, देवीचा मुखवटा, कवड्यांची माळ एका पाटीत भरली, भर दुपारी गावातून मिरवत नेली आणि कऱ्हेच्या डोहात सोडून दिली. ती गोष्ट ऐकतच ताईबाई लहानाच्या मोठ्या झाल्या. अंगात येणं सोडलं, गावकीची मढी ओढणं सोडलं, जत्रेचं बकरं सोडलं, पोतराजाला दारातून परत धाडलं… रूढी म्हणजे ते सगळं! ती सोडली, हे सांगताना त्यांची मान नेहमी ताठ व्हायची. आणि त्याच अभिमानाचा त्यांच्या लेकाने असा उपयोग करून घेतला होता…

"आता तुला साक्षीला उभं करणार हायेत," कचरू उठत म्हणाला. "बारामतीच्या कोर्टात. तू नुसतं 'व्हय' म्हणलीस की झालं. माझी पोर सात वर्सं एका परक्या पुरुषाच्या घरी राहिली, असा त्याचा अर्थ हुतो आक्का. वकिलानं मला समजावून सांगितलंय."

फाटकापाशी तो क्षणभर थांबला. वळून मात्र पाहिलं नाही.

ताईबाईंनी लगेच लेकाला फोन लावला. समाधान चाकणच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर होता. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"समाधान, तू मला फसवलंस रं!"

"आई, मी तुला खोटं काही विचारलं का? तूच म्हणालीस, रूढी सोडल्या."

"पर ते लगीन…"

"ते लग्नच चूक होतं!" त्याचा आवाज चिरकला. "तुला आठवतं ना, दुसऱ्या खेपेला दवाखान्यात डॉक्टरांनी काय विचारलं? 'नात्यातलं लग्न आहे का?' त्यांनी एवढंच विचारलं आई… आणि मी मान खाली घातली. माझी दोन लेकरं जन्माला यायच्या आधीच गेली! कशामुळे? तुझ्या माहेरच्या हट्टामुळे! भावाची पोरगी घरात पाहिजे होती ना तुला? घटस्फोटाला ज्योत्स्ना तयार होणार नाही, वर्षानुवर्षं जातील. वकील म्हणाले, हा रस्ता सरळ आहे. तू फक्त हो म्हण. एवढं तरी कर माझ्यासाठी!"

फोन बंद झाला. ताईबाई तशाच उभ्या राहिल्या. तुझ्या माहेरच्या हट्टामुळे… हे शब्द त्यांच्या काळजात सुईसारखे रुतले. खरंच का? आपण पदरात घातलेलं सुख पोराच्या मुळावर आलं का? नवरा रावजी चार वर्षांपूर्वी गेला होता. हे विचारायचं तरी कुणाला? तो असता तर म्हणाला असता, 'डॉक्टर खरंच काय म्हणाला ते आधी पोरीला इचार.'

दुसऱ्या दिवशी त्या बारामतीला गेल्या. समाधानपासून वेगळी झाल्यावर ज्योत्स्ना तिथल्या एका खासगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करत होती. पांढरा कोट घातलेली, केस घट्ट बांधलेली भाची बाहेर आली, आणि ताईबाईंना वाटलं, ही आता तोंड फिरवील… पण तिने आत्याचा हात धरला आणि तिला जिन्याखालच्या बाकावर बसवलं.

"जेवलीस का आत्या?"

एवढं विचारल्यावर ताईबाईंचा बांध फुटला! "माझ्याच्यानं घोटाळा झाला गं पोरी! शब्द कळला न्हाय मला… त्यानं रूढी म्हणलं आन् मला आपले टाक आठवले, तो पोतराज आठवला…"

"माहीत आहे मला. बाबांना रागात कळत नाही, मला कळतं," ज्योत्स्ना म्हणाली. मग जराशी हसली. "तू रूढी सोडल्या म्हणून सांगताना कशी हात कमरेवर ठेवून उभी राहिली असशील, तेसुद्धा दिसलं मला."

"मग तू भांडतीस कशाला? त्याच्याकडं परत जायचं हाय तुला?"

ज्योत्स्नाने मान हलवली. नाही.

"नाही आत्या. ज्याला मी नकोय त्याच्या घरात कशाला जाऊ? त्यानं सरळ येऊन 'ज्योत्स्ना, मला जमत नाही' म्हटलं असतं, तर मी त्याच दिवशी सही केली असती. पण हा म्हणतो, झालंच नव्हतं! आत्या… ती दोन बाळं गेली तेव्हा मी रात्रंदिवस तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तेव्हा मी कोण होते? ती कुणाची होती? मी त्यांची आई होते, त्याची बायको होते… मोडायचं तर मोडू दे, पण होतं ते नव्हतं म्हणू नका रे कुणी!"

ताईबाईंनी तिला छातीशी धरलं. आणि मग, पोरीचे डोळे पुसता पुसता, त्यांनी घाबरत तो दुसरा प्रश्न विचारला. माझ्या हट्टामुळे ती लेकरं गेली का गं?

"डॉक्टरांनी नुसतं विचारलं होतं. नंतर माझ्या तपासण्या झाल्या, थायरॉइड निघालं. मी त्याला सांगितलं, रिपोर्ट दाखवले. पण त्याला तोवर दोष द्यायला काहीतरी सापडलं होतं… आपलं नातं! दुःखात माणूस असा होतो आत्या. मी त्याच्यावर चिडले नाही तेव्हा. आता चिडले आहे."

एस.टी.त बसून परत येताना उसाने भरलेले ट्रॅक्टर मागे पडत होते आणि ताईबाईंच्या मनात एकच काहूर उठलं होतं. एका बाजूला पोटचा गोळा, दुसऱ्या बाजूला पदराखाली वाढवलेली लेक. एकाला 'व्हय' म्हणावं तर दुसरी कुणाचीच राहत नाही. 'न्हाय' म्हणावं तर म्हातारपणाची काठी हातातून जाते… समाधान हट्टी होता. एकदा तोंड फिरवलं की फिरवलं. हे आईइतकं कुणाला ठाऊक!

साक्षीचा दिवस उजाडला. बारामतीच्या कोर्टात नुसती गर्दी! ताईबाई लेकाच्या गाडीतून आल्या. वाटेत तो वारंवार सांगत होता, "आई, जज विचारतील मजकूर खरा आहे का, तू फक्त हो म्हण. पुढचं वकील बघतील." त्याने त्यांना पाण्याची बाटली दिली, पायरी चढताना कोपर धरलं. इतका मायेने वागला, की ताईबाईंना रडूच यायचं बाकी राहिलं. समोरच्या बाकावर कचरू ताठ बसला होता. त्याने बहिणीकडे पाहिलंही नाही. त्याच्या शेजारी ज्योत्स्ना, आणि तिचा तरुण वकील बुद्धघोष, डोळ्यांवर चष्मा, बगलेत फायलींचा गठ्ठा. समाधानचे वकील अविराज मोठे नावाजलेले, पिकल्या केसांचे, बोलायला लागले की शिपाईसुद्धा दारात थांबून ऐकायचा.

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभं राहून ताईबाईंनी सत्य सांगेन अशी शपथ घेतली. अविराज वकिलांनी ते प्रतिज्ञापत्र त्यांच्या पुढे धरलं.

"ही सही तुमची?"

"व्हय. माझीच हाय."

"यातला मजकूर तुमच्या माहितीप्रमाणे खरा आहे?"

ताईबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत अगदी लहानपणीचं आर्जव होतं… ताप आल्यावर 'आई, इंजेक्शन नको' म्हणायचा, तसंच! त्यांनी कठड्यावर हात घट्ट रोवले.

"न्हाय!"

अविराज वकिलांनी कागद खाली घेतला.

"काय म्हणालात?"

"सही माझी हाय, साहेब. इचार माझा न्हाय. मला त्या शब्दाचा अर्थ येगळा वाटला."

अविराज वकील गोरेमोरे झाले. त्यांनी न्यायाधीशबाईंकडे वळून अर्ज केला, की साक्षीदार फितूर झाली आहे, तिची उलटतपासणी घ्यायची परवानगी मिळावी.

फितूर! तो शब्द ताईबाईंच्या कानावर चाबकासारखा पडला. "फितूर? मी? कुणाला फितूर झाले साहेब? माझ्या दोन्ही बाजूंना माझंच घर बसलंय की!"

"आजी, तो कोर्टाचा शब्द आहे," न्यायाधीशबाई सौम्यपणे म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका. वकिलांच्या प्रश्नांची उत्तरं द्या."

"तुमच्या समाजाने धर्मांतर केल्यावर जुन्या रूढी सोडल्या, हे खरं ना?" अविराज वकिलांनी आता आवाज चढवला.

"खरं हाय."

"सगळ्या?"

"ज्यात माणसाला माणूस म्हणत न्हवते, त्या समद्या! देव सोडले, नवस सोडले, मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. पर साहेब, माझ्या बापानं पाटीत देव भरले, त्यात बहीण न्हवती भरली! तिची दारं सोडली न्हाईत त्यानं. मला त्यानं आपल्या बहिणीच्या घरी दिली. माझी सासू माझी आत्या. माझा नवरा रावजी, आत्याचा पोरगा. आन् माझ्या सासूची सासू बी तिची आत्याच हुती. लोणीत जा, सोमेश्वरनगरला जा, कुठल्याबी घरात इचारा. ही रूढी असंल तर असू द्या. आमाला ती रूढी वाटलीच न्हाय कधी. ते आपलं घर वाटलं!"

बुद्धघोषची लेखणी धावू लागली. अविराज वकिलांना संतापाने राहवलं नाही आणि त्या घाईत ते नको तिथे गेले.

"म्हणजे तुमचं लग्नसुद्धा असंच झालं. मग तेही कायद्याने झालंच नव्हतं, असं मी म्हटलं तर?"

ताईबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

"म्हणा की साहेब! चाळीस वर्सं मी रावजीसंगं कष्ट उपसले, त्याला खांदा दिला तवा कुकू पुसलं… म्हणा, झालंच न्हवतं! मग आता एवढंबी लिवा तुमच्या कागदावर…" त्यांनी लेकाकडे हात केला. "ह्यो पोरगा, समाधान… ह्यो कुणाचा? त्याच्या आईचं लगीनच झालं न्हवतं, तर ह्यो कुणाचं नाव लावतो? लिवा! ज्या कायद्यानं सून कुणी न्हाय, त्याच कायद्यानं मी बी कुणी न्हाय!"

"आई!" समाधान उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, बास…!"

"खाली बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज बदलला होता.

अविराज वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. "भावनेचा प्रश्न नाही, पुराव्याचा आहे. ही रूढी इथे सर्वत्र आणि जुनी आहे, याला आधार काय? नुसतं तुमचं म्हणणं?"

ताईबाईंनी पदराने तोंड पुसलं. आणि मग त्या माउलीच्या तोंडून असा प्रश्न आला, की पुढे कित्येक महिने कोर्टाच्या उपाहारगृहात त्याचीच चर्चा होती.

"साहेब, तुमच्या घरी सून हाय?"

"साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात."

"ऱ्हायलं. पर ती तुमाला काय म्हणून हाक मारती?… मामंजी म्हणत असंल न्हवं? आन् तुमच्या मालकिणीला आत्याबाई?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

"का म्हणती? तुमी तिचं मामा हाय का? तुमच्यात तर तसं लगीन झालं बी नसंल. तरी साऱ्या मुलखातल्या सुना सासऱ्याला मामा आन् सासूला आत्या म्हणत्यात. हे कुणी शिकवलं त्यास्नी? तुमच्या-आमच्या आज्या-पणज्यांनी! रूढी कागदावर कुठं हुडकता साहेब, ती तुमच्या घरात रोज च्या घेऊन येती!"

सगळं कोर्ट हास्यात बुडालं! शिपाई तोंडावर हात धरून उभा. न्यायाधीशबाईंनी 'शांतता राखा' म्हणून हात उचलला, पण त्यांच्या ओठांच्या कडा हलत होत्या. पुढे कुणीसं सांगितलं, त्याही आपल्या सासूला आत्याबाईच म्हणतात म्हणे. अविराज वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

पिंजऱ्याची पायरी उतरताना ताईबाईंनी आधाराला हात पुढे केला. दोन हात पुढे आले… एका बाजूने समाधानचा, दुसऱ्या बाजूने कचरूचा. ताईबाईंनी लेकाकडे पाहायचं धाडस केलं नाही. त्या भावाच्या आधाराने बाहेर आल्या. कचरूने स्वतः जाऊन चहा आणला, बशीत ओतून फुंकर घालून बहिणीच्या हातात दिला, आणि मग हा एवढा रागीट माणूस तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडू लागला.

"आक्का… मी तुला काय काय बोललो गं!"

"तू बोललास म्हणून तर मला कळलं, खुळ्या. गप ऱ्हा. माणसं बघत्यात."

समाधान आला तो थोड्या वेळाने. दूरच उभा राहिला. मोठा साहेब माणूस, पण गुन्हेगारासारखी मान खाली. ताईबाईंनी हातातली बशी बाजूला ठेवली. आता तोंड फिरवणार… आता कायमचा जाणार… आणि तो आईजवळ आला, खाली वाकला आणि त्याने तिच्या पावलांवर डोकं ठेवलं.

"मी माझ्याच बापाचं नाव पुसायला निघालो होतो आई! मला दिसलंच नाही गं…"

ताईबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. एवढ्या वर्षांत त्यांना कळलं नव्हतं, पण त्या घडीला उमगलं, की त्यांचं हट्टी पोर दोन बाळांसाठी कुणाच्याही कुशीत शिरून रडलंच नव्हतं. ते आता रडत होतं. इतकं, की जाणारे-येणारे थांबून पाहत होते.

"मी अर्ज मागे घेतो," डोळे पुसत तो ज्योत्स्नाला म्हणाला. "आत्ता जाऊन वकिलांना सांगतो."

"नको!" ज्योत्स्ना ताडकन म्हणाली. "मागे घेतलास तर प्रश्न तसाच राहील. लोक म्हणतील, नवऱ्याने दया केली. मला दया नको आहे. मला निकाल पाहिजे."

समाधानने हळूच मान डोलावली. "बरं. मग मी हरेपर्यंत उभा राहतो."

आणि तो खरोखर उभा राहिला! प्रत्येक तारखेला चाकणहून यायचा, आपल्या बाजूने एकही साक्षीदार आणायचा नाही, विरुद्ध बाजूचे म्हातारे-कोतारे साक्ष द्यायला आले की त्यांना पाणी आणून द्यायचा. अविराज वकील वैतागून म्हणाले, "अहो, केस तुमची आहे!" तर हा म्हणे, "हो साहेब, म्हणून तर मीच हरलं पाहिजे."

पुढच्या उन्हाळ्यात निकाल लागला. न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं, की या समाजात अशा विवाहाची रूढी प्राचीन आणि अखंड आहे, धर्मांतराने ती खंडित झाल्याचा पुरावा नाही. सबब हा विवाह वैध असून अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. ज्योत्स्नाने डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलले. ती कुणाशी तरी मनातल्या मनात बोलत होती. कुणाशी, ते ताईबाईंना न सांगता कळलं…

बाहेर येताच ताईबाईंनी आनंदाने तिचे दोन्ही हात धरले. "चल पोरी! चल आता घरी!"

"घरी येते आत्या," ज्योत्स्ना म्हणाली. "सासरी नाही येणार. लग्न होतं, हे कोर्टाने म्हटलं. आता ते सोडायचं की नाही, हे मला ठरवू दे. समाधान, आपण दोघं मिळून अर्ज करू. राजीखुशीने."

ताईबाईंनी तिचे हात सोडले. निकाल आपल्या बाजूने लागला की घर पुन्हा भरेल, हीच आशा त्यांनी इतके महिने उराशी धरली होती! लेकासमोर उभं राहून त्या ज्या घरासाठी झगडल्या, ते घर जिंकल्यावर असं सुटत होतं… त्यांनी समाधानकडे पाहिलं. 'थांब म्हण तिला,' असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. एक शब्द टाकला असता तर पोर त्यांच्यासाठी थांबलीही असती, हे त्या पक्कं जाणून होत्या. म्हणूनच त्यांनी तो शब्द गिळला.

"तू म्हणशील तसं," समाधान ज्योत्स्नाला म्हणाला. "माझ्याकडून फार चुकलं. त्याची माफी मागायचा हक्क तरी राहू दे मला."

"तो आहे," ती म्हणाली.

"मग मी बी एक सांगते," ताईबाई म्हणाल्या, आणि बोलताना त्यांना आपल्याच आवाजाचं नवल वाटलं. "पुढं तुला कुणी भला माणूस भेटला, तर तुला मी पाठवणार. आईच्या जागी मी उभी ऱ्हाणार. कचरू, तू मधी पडायचं न्हाय!"

"मी कशाला पडतोय," कचरू नाक ओढत म्हणाला. "तुझ्यापुढं वकील टिकला न्हाय, मी काय टिकणार!"

तसंच झालं. दोघांचा अर्ज एकही कडवा शब्द न बोलता मंजूर झाला, आणि दोन हजार चोवीसच्या हिवाळ्यात बारामतीच्या विहारात ज्योत्स्नाचं लग्न दौंडच्या अजित नावाच्या शिक्षकाशी लागलं. मुलीच्या बाजूने आईच्या जागी ताईबाई उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून. समाधान आला होता. त्याने पंगतीत वाढलं, आणि निघताना ज्योत्स्नाला म्हणाला, "सुखी राहा." तीही म्हणाली, "तूही." एवढंच. पण ते ऐकून ताईबाईंच्या मनावरचं किती वर्षांचं ओझं उतरलं म्हणून सांगू!

अविराज वकिलांनी त्यानंतर नात्यातल्या लग्नाची केस घेतली नाही. बुद्धघोषचं मात्र नाव झालं, त्याच्या दारात आता इंदापूरपासून पक्षकार येतात. कचरू लोणी भापकरला भाजीपाला पिकवतो, बहिणीच्या साक्षीची हकीकत पारावर सांगतो आणि दर वेळी तिला एक नवीन वाक्य चिकटवतो. समाधानने चाकण सोडलं, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली आणि तो आईजवळ राहायला आला. त्याने अजून दुसरं लग्न केलेलं नाही. आईने एकदाच विषय काढला, तो हसून म्हणाला, "या खेपेला मीच शोधतो."

ज्योत्स्नाला गेल्या वर्षी मुलगी झाली. नाव ठेवलं श्रेया. तेव्हापासून ताईबाईंचे गुडघे कुरकुरत असले तरी त्या बारामतीहून रेल्वेने दौंडला जातात. समाधान त्यांना स्टेशनवर सोडतो, डाळिंबांची पेटी डब्यात चढवून देतो आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर थांबतो. शेजारच्या बायका सरकून जागा करतात आणि विचारतात, "कुणाकडं निघाला आजी एवढं ओझं घिऊन?"

ताईबाई पेटी पायाशी ओढून घेतात, पदर सावरतात आणि साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात,

"लेकीकडं!"